नाव विचारलं नाही, तरी माणूस सापडतो

(सीमाभागातील युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय 'ऑनलाइन सर्वेक्षण कसं करावं'. खरं सांगायचं तर फॉर्म बनवायचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमतं. इथं बसल्या बसल्या दहा मिनिटांत तुम्ही वीस प्रश्नांचा फॉर्म करून ग्रुपवर टाकाल. म्हणून ते मी शिकवत बसत नाही. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. फॉर्म भरणारा माणूस आणि त्यानं दिलेलं उत्तर, या दोघांची गाठ. ती कधी मारायची, कशी मारायची, आणि आपण न मारताही ती कशी बसते.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळानं खानापूर तालुक्यात एक सर्वेक्षण केलं. सरकारी कार्यालयात मराठीतून अर्ज दिला तर काय होतं, उतारा कुठल्या भाषेत मिळतो, नोकरीत असणाऱ्यांना भाषेवरून काय सोसावं लागतं, असे प्रश्न. गूगल फॉर्म मीच केला. वरती ठळक अक्षरांत लिहिलं, 'आपली माहिती पूर्णपणे गुप्त राहील. नाव विचारलेलं नाही.' नाव खरंच विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एवढंच : गाव, वय, शिक्षण, काम काय करता, किती वर्षं करता. आणि शेवटी मोकळी जागा, 'तुमचा अनुभव लिहा.'

उत्तरं आली, आम्ही खूश. मी उत्तरांची शीट कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, 'लिंक असलेला कोणीही पाहू शकेल' अशी सेटिंग ठेवून. त्या ग्रुपवरून ती दुसऱ्या ग्रुपवर गेली, तिथून तिसऱ्या. पुढं कुठं गेली ते माझ्या हातात राहिलं नाही.

एका बाईंनी मोकळ्या जागेत लिहिलं होतं, की मी अंगणवाडीत आहे, रजिस्टर कन्नडमध्ये भरावं लागतं, चूक झाली की सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात, म्हणून कॉलेजातल्या मुलीकडून भरून घेते. गाव लहान. गावात अंगणवाडी एक. अंगणवाडीत बाई एक. शीट ज्याच्या हातात पडली त्याला नाव शोधायची गरजच नव्हती. महिन्याच्या बैठकीत कुणीतरी तिचं वाक्य मोबाइलवर वाचून दाखवलं आणि विचारलं, 'हे तुम्हीच लिहिलंय ना?'

नोकरी गेली नाही. पण त्यानंतर मुलीची मदत बंद झाली आणि बाईंचं बोलणंही बंद झालं. मी माफी मागायला घरी गेलो. चहा दिला, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'नाव नव्हतं गा त्यात. पण मीच होते की.'

तुम्हाला आता सांगतानाही त्यांचं काम आणि काही तपशील मी बदललेत. हे आधीच शिकलो असतो तर बरं झालं असतं.

त्या एका वाक्यात सगळा विषय आला. आपण समजतो की नाव काढलं म्हणजे ओळख गेली. तसं नसतं. नाव ही ओळखीची एक खूण आहे. गाव, वय, काम, शिक्षण, मुलं किती, या सगळ्या खुणा एकत्र आल्या की माणूस समोर उभा राहतो.

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढले होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना खात्री दिली, की कुणाची ओळख पटणार नाही. लतान्या स्वीनी नावाची विद्यार्थिनी तेव्हा एमआयटीत शिकत होती. तिनं वीस डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन याद्या शेजारी ठेवल्या. नोंदीत जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिपकोड होता, यादीतही तेच होतं. वेल्ड यांच्या जन्मतारखेची त्या शहरात सहाच माणसं निघाली. त्यातले पुरुष तीन. आणि त्यांच्या झिपकोडमध्ये राहणारे एकटे गव्हर्नरसाहेबच. त्यांच्याच आजारपणाच्या नोंदी तिनं शोधून काढल्या. पुढं स्वीनींनी हिशेब मांडला, की अमेरिकेतली ८७ टक्के माणसं या तीन गोष्टींवरून एकटी वेगळी काढता येण्यासारखी आहेत.

आता आपल्याकडं बघा. मतदारयादी आपल्याकडं विकतही घ्यावी लागत नाही. निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती मिळते. नाव, वय, लिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, सगळं. म्हणजे दुसरी यादी आधीच बाहेर पडलेली आहे. पहिली आपण फॉर्म भरून घेऊन तयार करतो. आणि दोनशे उंबऱ्यांच्या गावात तर यादीचीही गरज नाही. पारावर बसलेला म्हाताराही सांगेल, 'एम.ए. झालेला आणि बेळगावला बँकेत असलेला? अमक्याचा धाकटा.'

मग काहीजण म्हणतील, दादा, असं असेल तर माणसाची आणि उत्तराची जोडणी कधीच करू नये. सगळं निनावी ठेवावं.

इथं मी थांबवतो तुम्हाला. कारण दुसरी चूक त्या बाजूला आहे, आणि तीही मी केली.

त्या प्रकारानंतर आम्ही घाबरून पुढचं सर्वेक्षण अगदी उघडं ठेवलं. एकच लिंक, काही ओळख नाही, कुणीही भरा. विषय होता मुलांची शाळा. पहिल्या वर्षी विचारलं, मूल कुठल्या माध्यमात आहे. दुसऱ्या वर्षी परत विचारलं. दुसऱ्या वर्षी मराठी माध्यम सांगणारे कमी भरले. आता याचा अर्थ काय? त्याच घरांनी मुलं मराठी शाळेतून काढली? की पहिल्या वर्षी भरलेल्यांनी दुसऱ्या वर्षी भरलंच नाही आणि वेगळ्याच लोकांनी भरलं? सांगता येईना. आमच्याकडं उत्तरांचे दोन ढीग होते, आणि या ढिगातला कोण त्या ढिगात आहे हे कळायला मार्ग नव्हता. वर शीटमध्ये एका रात्री अकरा ते साडेअकराच्या दरम्यान एकसारखी चौदा उत्तरं. एकाच उत्साही कार्यकर्त्यानं 'आपला आकडा वाढू दे' म्हणून भरलेली असणार. ती काढायची कशावरून? आणि समोरचा म्हणाला 'हे सगळं बोगस आहे', तर त्याला उत्तर काय देणार?

आपली मागणी हवेत नसते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य केलेल्या संरक्षणांमध्ये आहे, की जिथं एखादी अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही निघावेत. घटनेचं कलम ३५० अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे. कलम ३५० ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचा खास अधिकारी असतो आणि त्याचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेसमोर जातात. अशा ठिकाणी निवेदन देताना 'लोक म्हणतात' चालत नाही. किती लोक, कुठले, एकानं एकदाच सांगितलंय का, मागच्या वर्षी तेच काय म्हणत होते, हे लागतं. आणि त्यासाठी जोडणी लागते.

तेव्हा जोडणी हे पाप नाही. जोडणी करून 'केली नाही' म्हणणं हे पाप आहे. आणि केली नाही असं समजून ती उघड्यावर टाकणं हा निष्काळजीपणा आहे. मी दुसरं केलं.

म्हणून तीन शब्द वेगवेगळे लक्षात ठेवा. 'निनावी' म्हणजे कुणी सांगितलं हे आम्हालाही कळणार नाही. 'गोपनीय' म्हणजे आम्हाला कळेल, पण आम्ही बाहेर सांगणार नाही. आणि 'उघड' म्हणजे नावासकट छापू. फॉर्मवर यातलं जे खरं आहे तेच लिहा. आपण बहुतेक वेळा गोपनीय सर्वेक्षण करतो आणि वर निनावी लिहितो. ही साधी चूक नव्हे, हा शब्द मोडणं आहे.

आता सॉफ्टवेअरकडं येऊ. गूगल फॉर्मपासून सुरुवात करतो, कारण सगळे तोच वापरतात.

सेटिंग्जमध्ये ईमेल पत्ते गोळा करण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर उत्तराशेजारी ईमेल येऊन बसतो. मग तुम्ही वर काहीही लिहा, ते सर्वेक्षण निनावी नाही. 'एकाला एकच उत्तर' ही सेटिंग वेगळी आहे. ती लावली की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, पण ईमेल गोळा करणं बंद असेल तर तो तुमच्या शीटमध्ये येत नाही. लोक मात्र लॉगिन बघूनच बिचकतात, म्हणून हे त्यांना समजावून सांगा. फोटो किंवा कागद अपलोड करायला सांगितला तर त्यालाही लॉगिन लागतं, आणि फाइलच्या नावाला माणसाचं नाव चिकटून येतं. हे फार जणांना माहीत नसतं. आणि शीटमध्ये उत्तराची वेळ आपोआप पडते. साधी गोष्ट वाटते. पण तुम्ही दुपारी तीनला एखाद्याच्या ओट्यावर बसून त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला, तर तीन वाजून सात मिनिटांचं उत्तर कुणाचं हे तुम्हाला पाठ असतं.

गूगल फॉर्ममध्ये जोडणी करायची असेल तर 'आधी भरलेली लिंक' काढता येते. म्हणजे फॉर्ममध्ये 'संकेतांक' नावाची जागा ठेवायची आणि प्रत्येकाला त्याचा संकेतांक आधीच भरलेली लिंक पाठवायची. चालतं, पण कच्चं काम आहे. तो संकेतांक माणसाला दिसतो, बदलता येतो, लिंकमध्येही उघडा असतो.

यापेक्षा पक्कं काम लाइमसर्व्हेमध्ये होतं. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. त्यात सहभागींची यादी वेगळ्या तक्त्यात असते आणि प्रत्येकाला एक प्रवेश-संकेत मिळतो. जुने लोक त्याला टोकन म्हणतात. ज्याच्याकडं संकेत नाही त्याला फॉर्म उघडत नाही, आणि एका संकेतावर एकदाच उत्तर देता येईल असं ठेवता येतं. आता खरी कळ कुठं आहे? त्यात 'उत्तरं निनावी ठेवा' अशी एक सेटिंग आहे. ती मुळात बंद असते. बंद असेल तर प्रत्येक उत्तरासोबत संकेत साठतो, म्हणजे उत्तरावरून यादीतला माणूस काढता येतो. चालू केली तर कुणी भरलं, कुणी नाही एवढंच कळतं, कुठलं उत्तर कुणाचं हे कळत नाही. ते सॉफ्टवेअर इतकं काळजीनं करतं, की उत्तरावर वेळ मागितली तरी खरी न टाकता १९८० सालातली तारीख टाकतं, म्हणजे वेळेवरून कुणी जुळवू नये. आणि सर्वेक्षण एकदा सुरू केलं की ही सेटिंग बदलता येत नाही. म्हणून ठरवायचं ते आधी. सुरू झाल्यावर 'अरे, जोडणी हवी होती' म्हणून उपयोग नाही.

आणखी एक. आयपी पत्ता साठवायची सेटिंग वेगळी असते. मोबाइलवर एकच आयपी बऱ्याच लोकांत वाटलेला असतो, त्यामुळं त्यावरून माणूस सहज कळत नाही. पण एखाद्या कार्यालयातून किंवा कॉलेजच्या लॅबमधून भरलं तर ठिकाण कळू शकतं. लागत नसेल तर बंदच ठेवा.

आता जोडणी नीट कशी करायची. मी करतो ते सांगतो.

नावांची यादी एका फाइलमध्ये : नाव, फोन, संकेतांक. उत्तरांची फाइल दुसरी : संकेतांक आणि उत्तरं. पहिल्या फाइलला मी किल्ली म्हणतो. कपाट आणि किल्ली एका जागी ठेवायची नाही. किल्ली एकाच माणसाकडं, पासवर्ड लावून. उत्तरांचा हिशेब करणारा दुसरा. व्हॉट्सॲपवर दोन्ही कधीच नाही.

संकेतांक करताना शहाणपण करू नका. गावाचं पहिलं अक्षर, मग अनुक्रमांक, असं केलंत तर तो संकेतांक नाही, पत्ताच झाला. यादीच्या क्रमानं एक, दोन, तीन दिलंत तरी तेच. अर्थ नसलेली, कशीही मिसळलेली अक्षरं नि आकडे घ्या.

काही ठिकाणी संशोधक असं करतात, की माणसानं स्वतःचाच संकेत बनवायचा : आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्माचा दिवस, असं काहीतरी. म्हणजे यादीच ठेवायला नको आणि पुढच्या वर्षी तोच संकेत परत येतो. कल्पना चांगली आहे, मोठ्या शहरात चालते. पण आपल्या गावात आईचं नाव कुणाला माहीत नसतं?

जुळवणी नावावरून करू नका. हे आपल्या भागात तर मुळीच नको. आपल्या ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग मराठी शाळेच्या दाखल्यावर एक असतं आणि कन्नडवरून आलेल्या कागदावर दुसरं. माणूस एक, यादीत दोन. आणि पाटील तर किती, विचारू नका. संकेतांकावरून व्हीलुकअप लावा, काम संपलं. शीट सॉर्ट करताना मात्र सगळे रकाने एकत्र निवडलेत ना हे दोनदा बघा. एकच रकाना सॉर्ट झाला तर याचं उत्तर त्याच्या नावावर जातं.

व्यक्तिगत लिंक पाठवताना तिथंच लिहा, 'ही लिंक फक्त तुमच्यासाठी आहे, पुढं पाठवू नका.' आपल्या लोकांना चांगली गोष्ट दिसली की फॉरवर्ड करायची सवय आहे. मामा ती घरच्या ग्रुपवर टाकतात, आणि भाच्याचं उत्तर मामांच्या नावावर जमा होतं.

अहवाल बाहेर काढताना माझा नियम असा, की ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत तो गट दाखवायचा नाही. 'अमुक गावातल्या शिक्षिका : १' असा आकडा म्हणजे नाव छापल्यासारखंच. गावाऐवजी तालुका घ्या, वयाऐवजी वयोगट घ्या. मोकळ्या जागेत लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी छापू नका. माणूस स्वतःच्या बोलण्याच्या ढंगावरूनही ओळखू येतो. छापायचंच असेल तर फोन करून विचारा.

आणि सगळ्यात पहिला प्रश्न फॉर्म बनवायच्या आधी : हे विचारायची गरज आहे का? जे गोळाच केलं नाही ते कधी फुटत नाही. आम्ही त्या फॉर्ममध्ये 'किती वर्षं नोकरी' का विचारलं होतं? आजही सांगता येत नाही. फॉर्ममध्ये जागा होती म्हणून विचारलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला. त्याचा गाभा हा, की माहिती कशासाठी घेताय ते आधी सांगा, संमती घ्या, आणि माणसानं संमती परत घेतली तर ऐका. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते. म्हणून शाळेतल्या पोरांच्या हातात मोबाइल देऊन फॉर्म भरून घेऊ नका, कितीही चांगला हेतू असला तरी.

पण मी कायद्याच्या भीतीनं हे सांगत नाहीये. आपण ज्यांच्याकडं फॉर्म घेऊन जातो ती माणसं कोण आहेत? सरकारी नोकरी करणारी, रेशनच्या रांगेत उभी राहणारी, उताऱ्यासाठी तालुक्याला खेपा घालणारी. १९५६ पासून या भागातली माणसं भाषेपायी सोसत आलीत, पण रोज सकाळी त्यांना त्याच कार्यालयात जायचंय. आपण मोर्च्यात उभे राहतो तेव्हा आपलं तोंड आपण दाखवलेलं असतं, ती आपली निवड. फॉर्म भरणाऱ्यानं ती निवड केलेली नसते. त्यानं फक्त आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो.

म्हणून यापुढं फॉर्मच्या वर हे लिहा. मी लिहितो तेच वाचून दाखवतो : 'हे सर्वेक्षण निनावी नाही, गोपनीय आहे. पुढच्या वर्षी तुम्हाला परत विचारता यावं म्हणून तुमचं उत्तर एका संकेतांकाशी जोडलेलं आहे. नाव आणि संकेतांक यांची यादी एकाच व्यक्तीकडे आहे आणि दुसरी फेरी झाल्यावर ती नष्ट केली जाईल. कुठलाही प्रश्न सोडता येईल. नंतर उत्तर काढून टाकायचं असेल तर या क्रमांकावर सांगा.' खाली खरा क्रमांक, फोन उचलणाऱ्या माणसाचा. आणि यादी नष्ट करायची म्हटली तर त्या दिवशी खरंच नष्ट करा, दोन साक्षीदार बसवून. लॅपटॉपवरची आणि पेनड्राइव्हवरचीही.

असं लिहिल्यावर उत्तरं कमी येतात का? येतात. आमची पहिल्यापेक्षा कमी आली. पण मोकळ्या जागेत लोकांनी जास्त लिहिलं, आणि दुसऱ्या वर्षी तीच माणसं परत आली. कोणत्या घरानं मूल मराठी शाळेतून काढलं आणि का, हे पहिल्यांदा आम्हाला नीट सांगता आलं. बरीच कारणं भाषेची नव्हतीच. वर्गात शिक्षक नव्हता, पावसात शाळेपर्यंत रस्ता नव्हता. हे कळलं म्हणून पुढचं निवेदन आम्ही रस्त्याचं आणि शिक्षकाचं दिलं.

त्या अंगणवाडीच्या बाईंकडं मी दुसऱ्या सर्वेक्षणाच्या वेळी गेलो होतो. फॉर्म भरला नाही त्यांनी. मी आग्रहही केला नाही. पण वरची ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, 'हे आधी लिहिलं असतं तर मी काय लिहायचं ते मी ठरवलं असतं.'

बास, एवढंच. ठरवायचा हक्क त्यांचा आहे. आपण तो त्यांना न विचारता घेऊ नये. भाषेचा हक्क मागणाऱ्यांनी तरी घेऊ नये.